चांदणी नसलेला आकडा

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका धरणं हाच पंचवीस वर्षांचा धंदा. तर एका पुस्तकात, एकाच पानावर, एक अख्खा परिच्छेद दोनदा छापला गेला. सगळी प्रुफं माझ्याच हातून गेलेली, शेवटच्या पानावर माझीच सही. लेखक भला माणूस. फोनवर हसून म्हणाला, "मला वाटलं, जोर यावा म्हणून मुद्दाम ठेवलाय." मला काही हसू आलं नाही. प्रूफ काढून पाहिलं तर दोन्ही परिच्छेदांत माझ्या लाल पेनाच्या खुणा होत्या. म्हणजे मी तो दोन्ही वेळा नीट वाचला होता, आणि दुसऱ्यांदा वाचताना पहिला आठवलाच नव्हता.

तशा कुरबुरी त्याआधी दोन वर्षांपासून चालूच होत्या. सकाळी डोळे उघडतानाच दिवस संपल्यासारखा थकवा. रात्री तीन-तीनदा लघवीला उठणं, आणि उठलंच आहे तर पेलाभर पाणी पिणं, कारण घशाला कोरड. पोट साफ होत नव्हतं. गुडघे दुखायचे. चिडचिड तर इतकी, की घरातली माणसं माझ्याशी बोलण्याआधी माझा चेहरा वाचायला लागली होती. वय बावन्न. या वयाच्या बाईने यातली कुठलीही तक्रार काढली की उत्तर तयार असतं: पाळी जाण्याचं वय आहे, व्हायचंच. डॉक्टरांनी ते दिलं, बहिणीने दिलं, मीही स्वतःला तेच दिलं. साखर तपासली, ठीक निघाली. थायरॉइडसाठी टीएसएच केलं, 2.1 आलं, तेही ठीक. "हार्मोन्स नॉर्मल आहेत," असा शेरा मिळाला. शरीरात हार्मोन्स पन्नासाच्या घरात, आणि आम्ही एक-दोन पाहून सगळ्यांना चारित्र्याचा दाखला देऊन मोकळे!

मग मुतखडा झाला. ज्यांना झालाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांना झाला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. डाव्या नळीत अडकलेला सात मिलिमीटरचा खडा दुर्बिणीने काढला. उजव्या मूत्रपिंडात दोन बारके होते ते तसेच ठेवले. घरी सोडताना सल्ला मिळाला, पाणी भरपूर प्या. मी तेव्हा दिवसाला चार लिटर पीतच होते, न पिऊन सांगते कुणाला!

त्या मुक्कामातल्या रक्ताच्या रिपोर्टात कॅल्शियम होतं 10.9. लॅबची मर्यादा 8.5 ते 10.5, म्हणून आकड्याशेजारी एक चांदणी छापलेली. "थोडंसंच वर आहे, कॅल्शियमच्या गोळ्या घेत असाल तर बंद करा," एवढ्यावर विषय संपला. घरी आल्यावर सवयीने जुनी फाइल काढली. तीन वर्षांपूर्वी 10.6. पुढच्या वर्षी 10.7. आता 10.9. प्रत्येक वेळी चांदणी होती, आणि प्रत्येक वेळी ती मी पाहिली होती. पण ती इतकी केविलवाणी होती, आणि आकडा मर्यादेच्या इतका जवळ, की काणाडोळा करणं सोपं गेलं.

मी हट्टच धरला म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आणखी एक तपासणी लिहून दिली: पॅराथायरॉइड हार्मोन, रिपोर्टात ज्याला पीटीएच म्हणतात. आकडा आला 58. मर्यादा 15 ते 65. चांदणी नाही. "बघा, पॅराथायरॉइड नॉर्मल," डॉक्टर म्हणाले. मी सुटकेचा श्वास टाकला आणि फाइल कपाटात गेली. त्या एका नसलेल्या चांदणीने माझे आठ महिने खाल्ले. आठ महिन्यांनी दुसरा खडा आला, आणि या वेळी खडा काढणाऱ्या डॉक्टरांनीच मला अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांकडे पिटाळलं.

या बाई वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी फाइलमधले दोन कागद काढले, शेजारी ठेवले आणि बाकीचा मजकूर तळहातांनी झाकला. दिसत होते फक्त दोन आकडे. कॅल्शियम 10.9. पीटीएच 58.

"हा एकटा वाचा," त्या म्हणाल्या. "आता हा एकटा वाचा. आता दोन्ही एका दमात वाचा."

मी वाचले. मला काही कळलं नाही.

"कॅल्शियम इतकं असताना हा दुसरा आकडा 58 असायला कारणच नाही. तो पंधराच्या आसपास, तळाशी पडून राहायला हवा होता. कॅल्शियम कमी असतं आणि हा 58 असता, तर मी म्हटलं असतं, ग्रंथी आपलं काम करतेय. कॅल्शियम जास्त असताना 58 म्हणजे ती ऐकत नाहीये."

हे माझ्या डोक्यात लख्ख शिरलं ते माझ्या धंद्यामुळे. 'आजोबा पाळण्यात रडत होते' या वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. एकेक शब्द तपासणाऱ्याच्या हातून ते बिनबोभाट सुटेल. लॅबचं यंत्र एकेक शब्द तपासतं.

पॅराथायरॉइड ग्रंथी मला तोवर थायरॉइडचाच कसला तरी तुकडा वाटत होती. तसं काही नाही. मानेत थायरॉइडच्या पाठीमागे, दोन वर आणि दोन खाली, अशा सहसा चार बारक्या ग्रंथी चिकटलेल्या असतात. 'पॅरा' म्हणजे शेजारची, एवढाच संबंध. शेजारीण म्हणून नाव लागलं, काम पूर्ण वेगळं. एकेक तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी, वजन 30 ते 50 मिलिग्रॅम. चौघींचं मिळून काम एकच, रक्तातलं कॅल्शियम एका अरुंद पट्ट्यात ठेवणं.

पट्टा अरुंद का लागतो? माझी समजूत अशी की कॅल्शियम म्हणजे हाडं. हिशेबाने ते खरंही आहे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण किलोभर कॅल्शियम असतं आणि त्यातलं 99 टक्के हाडांत. पण उरलेला जो इवलासा भाग रक्तात आणि पेशींभोवतीच्या पाण्यात असतो, त्याच्यावर मज्जातंतूंचा संदेश, स्नायूंचं आकुंचन, हृदयाचे ठोके असं सगळं चालतं. तो कमी झाला तर मज्जातंतू विनाकारण उडायला लागतात, मुंग्या येतात, पेटके येतात. जास्त झाला तर ते मंदावतात. आतड्याचे स्नायू मंदावले की पोट साफ होत नाही, आणि डोकं मंदावलं की एकच परिच्छेद दोनदा वाचूनही नवा वाटतो.

या ग्रंथींच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारी खूण असते, वैद्यकाच्या भाषेत रिसेप्टर. रक्तात कॅल्शियम किंचित उतरलं की काही सेकंदांत ग्रंथी पीटीएच सोडते. ते तीन ठिकाणी जाऊन काम काढतं. हाडांना म्हणतं, तिजोरी उघडा. मूत्रपिंडाला म्हणतं, कॅल्शियम वाया घालवू नका, फॉस्फेट गेलं तरी चालेल. आणि मूत्रपिंडाकडूनच ड जीवनसत्त्वाचं कामाचं, म्हणजे क्रियाशील रूप तयार करून घेतं, ते आतड्याला अन्नातलं कॅल्शियम जास्त शोषायला लावतं. तिन्हीकडून आवक वाढली, रक्तातली पातळी वर आली, की तीच पातळी ग्रंथीला गप्प करते. वरचा साहेब नाही, आदेश नाही. थायरॉइडला मेंदूच्या तळाशी बसलेली पिट्यूटरी ग्रंथी हा साहेब आहे, थायरॉइड ढिलावली की तो टीएसएचचा आवाज चढवतो. पॅराथायरॉइडवर पिट्यूटरीचा हुकूम चालत नाही. तिचा साहेब कॅल्शियमच.

माझ्या चौघींपैकी एकीने साहेबाचं ऐकणं सोडलं असावं, असा बाईंचा अंदाज होता. म्हणजे ग्रंथीची गाठ, अॅडेनोमा. कर्करोग नव्हे, तो इथे फारच क्वचित होतो. बहुतेक रुग्णांत चारांपैकी एकच बिघडते आणि बाकीच्या तिघी, रक्तात कॅल्शियम भरपूर आहे म्हणून, शहाण्यासारख्या झोपून राहतात.

माझा प्रश्न होता खड्यांचा. पीटीएच मूत्रपिंडाला कॅल्शियम राखायला सांगतं, तर लघवीत ते कमी उतरायला हवं. मग खडे कशाचे? बाई खूश झाल्या, म्हणाल्या, हा प्रश्न परीक्षेत विचारतात. उत्तर असं, की मूत्रपिंड राखतं तेवढं राखतंच, पण गाळणीत येणारंच इतकं जास्त असतं की राखून राखून उरलेलं नेहमीपेक्षा जास्त भरतं. तहानेचा उलगडाही तिथेच झाला. मेंदूतून सुटणारा एक हार्मोन मूत्रपिंडाला पाणी वाचवायला सांगत असतो. कॅल्शियम फार झालं की मूत्रपिंडाला त्याचं म्हणणं ऐकू येईनासं होतं. म्हणून लघवी जास्त, म्हणून कोरड, म्हणून रात्रीचे तीन फेरे. मी मधुमेहाच्या धसक्याने साखर तपासून घेत होते, आणि पाणी पळत होतं भलत्याच दाराने.

मग तपासण्यांचा फेरा सुरू झाला. आधी कॅल्शियम पुन्हा, पण या वेळी सूचनेसकट: दंडाला पट्टा फार वेळ आवळायचा नाही, मूठ सारखी उघडझाप करायची नाही, नाहीतर आकडा उगाच चढतो. सोबत अल्ब्युमिन, कारण रक्तातलं बरंचसं कॅल्शियम या प्रथिनाला बांधलेलं असतं. काम करतं ते मोकळं असलेलं, साधारण निम्मं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेता का, असंही विचारलं. घेत होते. त्या काही दिवस बंद करायला लावल्या, कारण काही यंत्रांवर बायोटिनमुळे पीटीएचचा आकडा खोटा उतरतो. केसांसाठी घेतलेली गोळी मानेतल्या ग्रंथीबद्दल खोटी साक्ष देते, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. नव्याने कॅल्शियम आलं 11.2, पीटीएच 84. आता दोन्हींना चांदण्या होत्या. ड जीवनसत्त्व 14, म्हणजे कमी. तेही हळूहळू भरायला घेतलं.

सगळ्यात विनोदी तपासणी चोवीस तासांच्या लघवीची. लॅबने पाच लिटरचा कॅन दिला, आत आम्ल, त्यामुळे थेट आत करायची नाही, वेगळ्या भांड्यात धरून ओतायची. सकाळची पहिली फेकायची, नंतरची प्रत्येक जमवायची, दुसऱ्या दिवशीची पहिली धरून. एक जरी चुकली तरी सगळं पाण्यात. मी रविवार निवडला, घराबाहेर पडले नाही, आणि दुपारी डुलकीतून उठून सवयीने सरळ जाऊन आले. फ्लश केल्यावर लक्षात आलं. पुढच्या रविवारी पुन्हा. या खेपेला संडासाच्या दारावर लाल पेनाने 'थांब!' असा कागद चिकटवला. घरातल्या बाकीच्यांनी दिवसभर दारापाशी दचकून थांबण्याची नक्कल केली.

हा उपद्व्याप कशासाठी? एक आनुवंशिक प्रकार असतो, त्यात ग्रंथी बिघडलेली नसते, कॅल्शियम ओळखणारी ती खूणच जन्मापासून थोडी बधिर असते. शरीर वरच्या पातळीवरच सुखाने नांदतं. रक्ताचे आकडे माझ्यासारखेच दिसतात, पण लघवीत कॅल्शियम अगदी कमी उतरतं. अशा माणसाची मान उघडली तर काहीच साधत नाही. माझ्या कॅनमध्ये 340 मिलिग्रॅम निघालं. प्रश्न मिटला.

हाडांची घनता मोजली तेव्हा कंबर आणि मणक्यासोबत मनगटाच्या वरचं हाडही मोजलं. पीटीएच सतत चढं राहिलं की हाडाची बाहेरची टणक साल आधी झिजते, आणि ती साल हाताच्या त्या हाडात भरपूर असते. मणका बरा होता. हाताचा आकडा उणे 2.6, म्हणजे ठिसूळपणाच्या रेषेपलीकडे. नवल असं, की हेच पीटीएच, म्हणजे 84 अमिनो आम्लांच्या त्याच्या साखळीतले पहिले 34 दुवे, दिवसातून एकदा टोचलं तर हाड वाढवणारं औषध ठरतं. तेरिपॅराटाइड हे त्याचं नाव. एकदा येऊन जाणारा पाहुणा घर सजवायला लावतो आणि मुक्काम ठोकणारा घर खातो, असं मी बाईंना म्हटलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मला बरं वाटलं.

खडे आणि हाड, दोन्ही कारणं शस्त्रक्रियेला पुरेशी होती. आता बिघडलेली कुठली ते शोधायचं. सोनोग्राफीत डाव्या बाजूला खाली काहीतरी दिसलं. मग सेस्टामिबी स्कॅन. टेक्नेशियम-99एम हे किरणोत्सारी द्रव्य जोडलेलं औषध शिरेतून देतात, सहा तासांत त्याचा किरणोत्सार निम्मा होतो. थायरॉइड आणि बिघडलेली पॅराथायरॉइड, दोघीही ते शोषतात. फरक पुढे पडतो. थायरॉइड ते लवकर सोडून देते, अॅडेनोमा धरून बसतो. म्हणून एक चित्र लगेच आणि एक साधारण दोन तासांनी. पहिल्यात मानेवर फुलपाखरासारखी उजळ आकृती होती. दुसऱ्यात फुलपाखरू विझलेलं, आणि डाव्या पंखाखाली एक ठिपका तेवढा जळत राहिलेला. तंत्रज्ञ मुलाने पडदा माझ्याकडे वळवला आणि काही न बोलता ठिपक्यावर बोट ठेवलं. तीन वर्षांच्या थकव्याला पहिल्यांदाच एक पत्ता मिळाला होता.

या दिवसांत मी या ग्रंथींबद्दल मिळेल ते वाचत सुटले. त्या पहिल्यांदा दिसल्या त्या माणसात नव्हे, गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला भारतीय गेंडा मेला, तेव्हा रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाने त्याचं विच्छेदन केलं, 1850 च्या सुमाराला, आणि थायरॉइडला चिकटलेली छोटी पिवळसर ग्रंथी नोंदवून ठेवली. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन स्वीडनच्या इवार सँडस्ट्रोमने 1880 मध्ये छापलं, तेव्हा तो अजून विद्यार्थीच होता. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1925 मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी हाडं झिजलेल्या एका रुग्णाची गाठ काढली आणि तो माणूस सुधारला, तेव्हा कुठे या दाण्यांची पत वाढली.

मला मात्र चटका लावला तो चार्ल्स मार्टेल या जहाजाच्या कप्तानाने. हाडं इतकी खचली की उंची काही इंचांनी घटली. त्याची मान सहा वेळा उघडली, गाठ सापडेना. शेवटी स्वतःच वैद्यकाची पुस्तकं वाचून तो छाती उघडून बघा म्हणून मागे लागला. 1932 मध्ये बोस्टनला, सातव्या शस्त्रक्रियेत, गाठ छातीत सापडली. तोवर मूत्रपिंडं गेली होती. पुढे काही आठवड्यांत तो खड्याच्या त्रासातच वारला. गाठ छातीत जाते कशी? गर्भात खालच्या दोन पॅराथायरॉइड थायमस या ग्रंथीबरोबर जन्मतात आणि तिच्यासोबत खाली उतरायला लागतात. बहुतेक मानेत थांबतात, एखादी सोबत सोडत नाही आणि छातीपर्यंत जाते. हे वाचल्यावर तो जळता ठिपका मानेतच होता याबद्दल मी त्याची ऋणीच झाले.

शस्त्रक्रियेआधी सर्जननी दोन धोके सांगितले. ग्रंथींच्या अगदी जवळून स्वरयंत्राची नस जाते, तिला धक्का लागला तर आवाज बसतो. आणि नंतर कॅल्शियम खाली जाऊ शकतं. आवाजाचं मी फारसं मनावर घेतलं नाही, माझं काम मुक्यानेच चालतं. पण आदल्या रात्री झोप येईना तेव्हा हळू आवाजात एक कविता म्हणून पाहिली, आठवते का म्हणून. तिसऱ्या कडव्यावर अडकले.

ऑपरेशन टेबलवर काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी एका चिठ्ठीवरून कळलं. हीच मला या सगळ्या प्रवासातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. गाठ काढली, पण बरोबर तीच काढली आणि दुसरी कुठली बिघडलेली राहिली नाही, हे टाके घालण्याआधीच कसं कळावं? पीटीएच रक्तात टिकत नाही. तीन ते पाच मिनिटांत निम्मं होतं. म्हणून गाठ काढण्याआधी रक्त घ्यायचं, काढल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा घ्यायचं, आणि मान उघडी ठेवून लॅबच्या आकड्याची वाट बघायची. निम्म्याहून खाली आला तर ठीक. सर्जननी चिठ्ठी मला ठेवायला दिली. त्यावर बॉलपेनने तीन ओळी:

आधी – 96
5 मि. – 44
10 मि. – 22

खाली दोनदा अधोरेखित. मी आयुष्यभर आकड्यांना घाबरत आले, पण ही उतरंड मी दिवसातून चार-पाच वेळा काढून वाचायचे. गाठीचं वजन 1.1 ग्रॅम भरलं. म्हणजे चौघींपैकी ती एकटीच पंचवीस-तीस जणींएवढी झाली होती.

शुद्धीवर आले तेव्हा सर्जन म्हणाले, "काहीतरी बोला." मी म्हणाले, "पाणी नको." आवाज होता. आणि खरंच, तहान नव्हती. ती भुलीच्या औषधाने गेली की कॅल्शियम उतरल्याने, हा वाद घालायला मी तयार नाही. पण त्या रात्री, आणि मग घरी आल्यावर रोज, मी सलग झोपू लागले. रात्रीचे फेरे तीनवरून शून्यावर आले. थकवा जायला महिने लागले, हे मात्र आठवडाभरात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या. आधी वाटलं, ओठ सुकलेत. मग बोटांची टोकं. बेल दाबली. नर्सबाईंनी माझ्या कानापुढे गालावर बोटाने टिचकी मारली, तर त्याच बाजूचा ओठ आपोआप उडाला. मी पुन्हा मारायला सांगितलं, पुन्हा उडाला. भीतीपेक्षा गंमत जास्त वाटत होती, हे कबूल करते. रक्तात कॅल्शियम 8.0. कारण सरळ होतं. बाकीच्या तिघी तीन वर्षं झोपलेल्या. थोरलीने सगळा कारभार हातात घेतलेला. ती रातोरात गेली, आणि या अजून डोळे चोळत उठतायत. तिकडे हाडं उपाशी, रक्तात आलेलं कॅल्शियम आत ओढून घेतायत. तोवर वरून पुरवठा करायचा: कॅल्शियमच्या गोळ्या, आणि ड जीवनसत्त्वाचं तयार कामाचं रूप, कॅल्सिट्रिऑल, कारण ते बनवून घेणारं पीटीएचच कमी पडत होतं. ज्या गोळ्या बंद करायला सांगितल्या होत्या त्याच आता दिवसातून चार वेळा. मुंग्या आल्या की एक जादा, अशी मुभा. दहा-बारा दिवस मी उशाशी गोळ्या ठेवून ओठांवर पहारा दिला. मग मुंग्या विरळ झाल्या, डोस उतरवत आणला, आणि सहाव्या आठवड्यात गोळ्या निम्म्यावर आल्या.

या आजारात बरं झालं असं लगेच म्हणत नाहीत, सहा महिने थांबतात. कॅल्शियम तेव्हाही जागेवर असलं तर मग म्हणतात. सहा महिन्यांनी रिपोर्ट आला. कॅल्शियम 9.4, पीटीएच 36. कुठेच चांदणी नव्हती, पण मी आता नुसत्या तेवढ्यावर विसंबणाऱ्यांतली राहिले नव्हते. दोन्ही कागद शेजारी ठेवले, बाकीचं झाकलं, आणि एका दमात वाचले. मग बाईंना फोन करून विचारलं, "जोडी जमते ना?" त्या म्हणाल्या, "जमते."

वर्षाने हाडांची घनता पुन्हा मोजली. मणका सुधारला, हाताचं हाड उणे 2.6 वरून उणे 2.5. एवढंच? बाई म्हणाल्या, ते हाड सावकाश भरतं, घसरण थांबली हेच पुष्कळ. उजव्या मूत्रपिंडातले दोन बारके खडे आहेत तिथेच आहेत, वाढलेले नाहीत. चिडचिड घटली असं घरचे म्हणतात. मला त्यांचा हा शोध जरा आगाऊ वाटतो. कामात चुका अजून सुटतात, पण एकेकट्या, जोडीने नाहीत.

गुडघे मात्र पहिल्याइतकेच दुखतात. विचारलं तर बाईंनी दोन्ही दाबून, हलवून पाहिले आणि म्हणाल्या, "याचा दोष ग्रंथींना देऊ नका. हे गुडघ्यांचंच आहे."